अंगठाभर कोरं

साळवी स्टॉपच्या अलीकडे, अश्रफभाई मुकादमांच्या दुकानात
दोन जोड भिंतीला टेकून उभे.
एकाच घरातले थोरला-धाकटा,
नावही तेच, धाकट्याच्या पुढे नुसता एक आकडा जास्त.

थोरल्याच्या कुशीवर चार अंक छापलेले :
दोन वर्षांपूर्वीचा सदतिसावा आठवडा.
"गोदामात सावलीत होता," अश्रफभाई सांगतात,
जणू सुकटीची हमी देतायत.
"हा शेवटचा जोड. कंपनी आता काढत नाही.
अठराशेने स्वस्त, आणि तुमच्या हाताला ठाऊक."

ठाऊक तर आहेच.
ह्याच जातीचे दोन जोड मी झिजवले,
जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला,
दीपगृहांच्या बॅटऱ्या तपासत.
सकाळी गार असताना तो किती वेळ रुसतो,
जांभ्याच्या धुळीत कुठे कुरकुरतो,
आडिवऱ्याच्या उतारावर कुठे एकदम गप्प होतो
आणि त्या गप्प होण्याला मी भ्यायचं की नाही,
सगळं ठाऊक.

धाकट्याचं काहीच नाही.
खाचा वेगळ्या, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या,
मधोमध कडक, कडांना मऊ.
सिलिका वाढवलीय, ओल्यात धरतो म्हणे.
पत्रकात सगळेच धरतात.

मिरकरवाड्याचे टेम्पो
बर्फाचं पाणी सांडत चढ चढतात.
भर एप्रिलात, ठणठणीत कोरड्या डांबरावर
एक ओली खारट रेघ.
आधीच्या जोडावर असताना तिच्यावर पडले होते मी,
पावसच्या वाटेवर, उजव्या वळणाला.
फार नाही. गळपट्टीचं हाड, एक आरसा.
रस्त्यात सांडलेल्या एका बांगड्याचा डोळा
माझ्या डोळ्याच्या पातळीत होता,
एवढंच आठवतं.

मी एकदा ह्याला दाबते, एकदा त्याला.
अश्रफभाई तोवर मागचं चाक उतरवून
जुना टायर मांडीवर घेऊन बसलेत.
चष्मा कपाळावरून खाली ओढतात,
तान्ह्याची टाळू चाचपावी तशी
कडेवरून बोटं फिरवतात.

"हे बघा, मॅडम."
डावी कड टोकापर्यंत खाल्लेली.
उजवीकडे अंगठाभर पट्टा
कोरा.
रबराचे बारीक केससुद्धा शाबूत.
"किती चालला?"
"चौदा हजार."
"चौदा हजारांत उजवीकडे एकदाही पुरत्या झुकला नाहीत."

मला वाटायचं, मी पूर्वीसारखीच चालवते.
सगळ्यांना तेच सांगत होते.

"धाकटा चांगला आहे?"
"चांगलाच आहे. पण त्याचं चांगलंपण
ह्या पट्ट्यात आहे. तुम्ही जात नाही तिथे."
"मग थोरला द्या."
"असं कुठे म्हटलं मी?"

"पुढे धाकटा, मागे थोरला?"
"जोड मोडू नये. पावसात भांडतात."

केदूने चहा आणला. मी अठराशेचा हिशोब
दोनदा केला, दोन्हीदा बरोबर आला
आणि उपयोग काही झाला नाही.
कपाच्या बुडाशी साखर तशीच.
बाहेर एक टेम्पो गेला, मागे वास,
वासामागे ती रेघ.

"धाकटा बसवा."

अश्रफभाईंनी मान हलवली, ना बरं म्हणाले, ना वाईट.
"पहिले शंभर किलोमीटर नवा टायर कुणाचाच नसतो.
हळू जा."

"आणि ह्या जुन्याचं काय करता?"
"एक तांडेल नेतो. होडीच्या कुशीला बांधतो,
धक्क्याला घासू नये म्हणून."

मी हेल्मेटचा पट्टा लावला, परत सोडला.
"त्याला सांगा," म्हटलं,
"उजवी कड धक्क्याकडे करून बांध म्हणावं."